मैदानाची आठवण : पळवणकर बाळू आणि वेगळा चहा

मागच्या दोन व्याख्यानांत आपण स्मृती म्हणजे काय, यावर बरीच शास्त्रीय चर्चा केली. काही श्रोत्यांनी कळवलं की सर, हे सगळं हवेत चाललंय, जमिनीवर या. म्हणून आज आपण खरोखरच जमिनीवर येणार आहोत. विषय आहे मैदान. क्रिकेटचं मैदान, आणि थोडंसं बेसबॉलचंही. हिंगण्यात बसून बेसबॉलबद्दल बोलणं काहींना चमत्कारिक वाटेल. पण थोडा धीर धरा, पोचतोय आपण तिथे.

आधी शास्त्राचा एक तुकडा, कारण पुढे तो लागणार आहे. न्यायदर्शन म्हणतं, स्मृती ही केवळ संस्कारातून उपजते. कधीतरी एखादा अनुभव आला, त्याचा ठसा आत राहिला. तो ठसा म्हणजे संस्कार. पण ठसा आहे म्हणून आठवण सतत जागी नसते. तिला जागं करणारं काहीतरी लागतं. त्याला शास्त्रात ‘उद्बोधक’ असा छान शब्द आहे. जुन्या शाळेची भिंत दिसली की मास्तर आठवतात. भिंत हा उद्बोधक. आता यातली गोम अशी, की संस्कारच नसेल तर उद्बोधक काय करणार? ज्याने ती शाळा पाहिलीच नाही, त्याला ती भिंत म्हणजे नुसत्या विटा.

एवढं लक्षात ठेवा, आणि आता पुण्याला चला. काळ आहे १८९२चा.

पुण्याच्या लष्कर भागात गोऱ्या साहेबांचा पूना क्लब होता. तिथे सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कामाला लागला. नाव बाळू. आडनाव पळवणकर. जन्म १८७६चा, धारवाडचा; वडील लष्करात नोकरीला म्हणून कुटुंब पुण्यात. जातीने चांभार. त्याआधी तो एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडायचं आणि रोलर फिरवायचं काम महिना तीन रुपयांवर करायचा. पूना क्लबात पगार झाला चार रुपये. काम तेच: रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या, सरावासाठी जाळ्या लावायच्या. साहेब लोकांना सरावाला कोणीतरी चेंडू टाकायला हवा असे. गोलंदाजी म्हणजे अंगमेहनत, ती नोकराने करावी. फलंदाजी म्हणजे शोभा, ती मालकाने. बाळू डावखुरा. चेंडूला फिरक देण्याची त्याची हातोटी काही और होती. कॅप्टन ग्रेग नावाचा तेव्हाचा नामवंत फलंदाज त्याला तासन् तास गोलंदाजी करायला लावी. असं सांगतात की आपल्याला बाद केलं की ग्रेग त्याला दर वेळी आठ आणे देई. महिन्याचा पगार चार रुपये आणि एका विकेटचे आठ आणे, हे गणित तुम्हीच करा! पण त्या साऱ्या वर्षांत जाळीमध्ये बाळूच्या हातात बॅट एकदाही दिली गेली नाही.

आता बघा, ग्रेगच्या धावांची नोंद आहे. त्या धावा ज्या सरावातून आल्या, त्या सरावातल्या बाळूच्या हजारो चेंडूंची नोंद कुठल्याच धावफलकात नाही. इतिहास बहुधा असाच लिहिला जातो. रोलर ओढणारा त्यात येत नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. बाळूची ख्याती तोवर गावभर झालेली. घ्यावा की नाही, यावर वाद झाला. शेवटी जिंकण्याची इच्छा सोवळ्यापेक्षा बलवत्तर ठरली आणि बाळूला घेतलं. पण कसं घेतलं, ते ऐका. मैदानावर तो बाकीच्या दहांच्या बरोबरीने खेळणार. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये, आणि बाळू बाहेर. त्याला चहा वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताट वेगळं, पंगत वेगळी. तोंड धुवायला पाणी लागलं तर ते घालायला माणूसही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतलाच.

इथे आपण जरा थांबू या, कारण आमच्या मते या सगळ्या गोष्टीचं मर्म या चहात आहे.

क्रिकेटचा चेंडू कातड्याचा असतो. गाईचं कातडं, कमावलेलं, रंगवलेलं. कातड्याला हात लावतो म्हणून ज्या समाजाला दूर ठेवलं, त्याच कातड्याचा गोळा दिवसभर या हातातून त्या हातात जातोय. त्या काळी गोलंदाज चेंडूला थुंकी लावायचा, तो विजारीला घासायचा, आणि तोच चेंडू पुढच्या क्षणी यष्टिरक्षकाच्या हातात, तिथून स्लिपमधल्याच्या हातात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत विटाळच विटाळ! पण कोणाला त्याचं काही वाटत नाही. आणि चहाचा कप मात्र वेगळा.

याचा उलगडा काय? तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आम्ही हा प्रश्न वर्गात घालत असू. बहुतेक मुलं म्हणत, ढोंग. ढोंग तर आहेच. पण नुसतं ढोंग म्हटलं की विचार थांबतो. खेळाच्या नियमांत माणसाला एकच ओळख असते: तो गोलंदाज आहे, फलंदाज आहे, क्षेत्ररक्षक आहे. खेळाच्या पुस्तकात जातीला रकाना नाही. तुम्ही खेळायचं कबूल केलं की तेवढ्या वेळापुरते ते नियम तुमच्यावर चालतात. सीमारेषा ओलांडली की दुसरे नियम सुरू. म्हणजे चुन्याने आखलेली ती रेघ दोन राज्यांमधली सरहद्द होती. आणि गंमत अशी, की ती रेघ रोज सकाळी आखण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांच्यातलाच हा बाळू.

म्हणून आम्ही म्हणतो, बाळूंची आठवण जपायची तर नुसती खेळपट्टी जपून चालणार नाही. खेळपट्टीवर त्यांना मान होताच. आठवायचा तो मैदान आणि पॅव्हेलियन यांच्यामधला वीस-पंचवीस पावलांचा पट्टा.

पुढची हकिगत थोडी भराभर सांगतो. १८९६च्या प्लेगनंतर बाळू मुंबईला आले. तिथे रेल्वेत नोकरी आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळ. हा जिमखाना १८९४चा, आज ज्याला आपण मरीन ड्राइव्ह म्हणतो त्या किनाऱ्यावर. शेजारी पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना. पुढे कॅथलिकांचाही आला. एका रांगेत धर्मावार मैदानं! मुंबईला गेलात तर बघा, आजही ती रांग तशीच उभी आहे. पाट्यांवरची नावंही तीच. फेब्रुवारी १९०६मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. त्या जिमखान्यात हिंदी माणसाला सदस्यत्व नव्हतं. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, दोघेही संघात होते, आणि बळींचा मोठा वाटा बाळूंचा होता. मुंबईत एव्हाना ताटंही हळूहळू एकत्र आली होती. त्या काळच्या समाजसुधारकांनी या गोष्टीची आवर्जून दखल घेतली. खेळायला घेतलं, मग चिनी मातीच्या कपात चहा दिला, मग एका टेबलावर जेवले. अशी ती पायरीपायरीने झालेली प्रगती त्यांनी वाखाणली.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र सगळ्या दौऱ्यात मिळून ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत मिळून त्यांचे १७९ बळी आहेत, सरासरी पंधरा धावांच्या आसपास. ज्यांना क्रिकेट कळतं त्यांना हा आकडा काय आहे हे सांगायला नको.

आणि एवढं असून कर्णधारपद? नाही. १९०७ला तिरंगी सुरू झाली, १९१२ला मुसलमानांचा संघ येऊन चौरंगी झाली. मागणी पुन्हा पुन्हा झाली, पण हिंदूंच्या संघाचं नेतृत्व बाळूंना मिळालं नाही. १९२० साली पुण्याच्या चौरंगीत त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून प्रा. दि. ब. देवधरांना कर्णधार केलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. देवधर काही लहान खेळाडू नव्हते. पुढे त्यांच्या नावाचा करंडकही सुरू झाला. पण विठ्ठल ज्येष्ठ होते आणि त्यांचा हक्क डावलला जाण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गलका झाला. शेवटी पुढच्या सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार केलं. कर्णधार पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ बाळूंनी संघ सांभाळला. आयुष्यभराच्या खेळाचं फळ म्हणून तेवढा वेळ! १९२३ साली मात्र विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली.

आता बेसबॉल.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या मालकांनी आपसात ठरवून टाकलं की काळ्या खेळाडूला करारबद्ध करायचं नाही. कुठल्या कायद्यात हे लिहिलेलं नव्हतं, नुसता सभ्य गृहस्थांचा समझोता. आपल्याकडच्या रूढीसारखंच. मग काळ्या खेळाडूंनी स्वतःचे संघ काढले, आणि फेब्रुवारी १९२०मध्ये रूब फॉस्टर नावाच्या कर्तबगार माणसाने कॅन्सस सिटी शहरात निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली. ‘निग्रो’ हा शब्द आज आपण वापरणार नाही, पण संस्थेचं ऐतिहासिक नाव ते आहे. योगायोग बघा, आपल्याकडे विठ्ठल आणि शिवराम यांनी माघार घेतली तेही १९२०च. फरक असा, की फॉस्टरच्या मागे संघ होते, मालक होते, प्रेक्षक होते, स्वतःची वृत्तपत्रं होती. आमच्या पळवणकर बंधूंना माघार घेऊन जायला दुसरं मैदान नव्हतं. काळ्यांना बाहेर ठेवलं, तर त्यांनी बाहेर आपलं जग उभारलं. बाळूंना अर्धं आत घेतलं. या अर्ध्या प्रवेशाची किंमत आपण पुढे बघणार आहोत.

१९४७च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन गोऱ्यांच्या लीगमध्ये उतरला आणि ती भिंत पडू लागली. भिंत पडली ही आनंदाची गोष्ट. पण चांगले खेळाडू तिकडे गेले तसे काळ्यांचे संघ ओस पडले. मैदानंही एकेक करून पाडली गेली. आकड्यांचे कागद तर आधीच विखुरलेले. मग संशोधकांनी काय केलं? काळ्या समाजाच्या जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक सामन्याची नोंद वेचून काढली. वर्षानुवर्षं चाललेलं हे काम. २०२०च्या डिसेंबरमध्ये तिथल्या मुख्य बेसबॉल संस्थेने या जुन्या लीगना ‘मेजर’ दर्जा दिला, आणि मे २०२४मध्ये ते आकडे अधिकृत नोंदीत घेतले. परिणाम काय झाला? फलंदाजीच्या सर्वकालीन सरासरीत शतकभर पहिल्या जागी असलेला टाय कॉब खाली गेला आणि जॉश गिब्सन हा काळा खेळाडू वर आला. गिब्सन वारला जानेवारी १९४७मध्ये. रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी.

आणि मैदानांपैकी जी थोडी उरली, त्यांतलं एक अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरातलं रिकवुड फील्ड. १९१०चं. गोऱ्यांचा संघ बॅरन्स, काळ्यांचा ब्लॅक बॅरन्स. मैदान एकच, दिवस वेगळे. गोऱ्यांच्या सामन्याला काळ्या प्रेक्षकांची बसायची जागा लांब, एका बाजूला. त्या शहरात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र पत्ते, सोंगट्या किंवा बेसबॉल खेळू नये असा लेखी नियमच होता. १९९२पासून तिथल्या काही नागरिकांनी संस्था काढून त्या मैदानाची डागडुजी सुरू केली. जून २०२४मध्ये तिथे मुद्दाम एक मोठा अधिकृत सामना ठेवला. सामन्याआधी रेगी जॅक्सन नावाचा, आता म्हातारा झालेला खेळाडू थेट प्रक्षेपणात बोलायला उभा राहिला. १९६७ साली तो बर्मिंगहॅमच्या संघात होता. अपेक्षा अशी की म्हातारा जुन्या गोड आठवणी सांगेल. त्याने सांगितलं ते हे, की इथल्या हॉटेलात मला जेवायला बसू देत नसत, राहायला खोली देत नसत. संघातला एक गोरा मित्र आपल्या घरी कोचावर झोपायला जागा देई. सूत्रसंचालक गप्प. देशभर लोक ऐकत होते.

उद्बोधक म्हणजे काय, ते इथे कळतं. स्टुडिओत बसून तो हे कदाचित इतकं उघडं बोलला नसता. मैदान समोर होतं, आणि बोलणाऱ्याच्या आत संस्कार होता. दोन्ही एकत्र आले. आणि काय आठवलं बघा: जेवण आणि झोपायची जागा. आमच्या बाळूंच्या चहाचं हे सख्खं भावंडच.

तर मग आपलं काय? आपली अडचण अमेरिकेच्या बरोबर उलटी आहे. तिथे मैदानं गेली, आकडे हरवले. समाजाने संस्कार मात्र धरून ठेवला आणि त्याच्या बळावर बाकीचं परत मिळवलं. आपल्याकडे बाळूंची मैदानं शाबूत आहेत. पूना क्लबाचं मैदान आहे, बॉम्बे जिमखाना आहे, हिंदू जिमखाना आहे. धावफलकही आहेत, बळींचा हिशेब आहे. पण त्या मैदानावर उभं राहून शंभरातल्या किती जणांना बाळू आठवतील? सी. के. नायडू आठवतील. ते तर आपल्या नागपूरचे, १८९५चा जन्म. देशाचे पहिले कसोटी कर्णधार, त्यांच्या नावाचा करंडक आहे. ते रास्तच आहे. ‘लगान’ सिनेमातला फिरकी टाकणारा कचरा सगळ्यांना आठवतो, आणि अनेकांना त्याच्यात बाळू दिसतात. पण कचऱ्याला संघात घेतलं की सिनेमातला प्रश्न सुटतो. बाळूंचा सुटला नाही.

बाळू विसरले का गेले? नुसतं ‘जातीमुळे’ म्हटलं तर उत्तर अर्धं होईल. उरलेलं अर्धं उत्तर नागपूरकरांना जरा अवघड जागी नेणारं आहे. तरी बोलायला हवं.

बाळूंच्या कर्तृत्वाचा तरुण भीमरावांना अभिमान होता. आपल्यातला एक माणूस साहेबाला त्याच्याच खेळात लोळवतो, ही त्या पिढीला केवढी उभारी देणारी गोष्ट असेल! पण १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न आला तेव्हा बाळू बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. एम. सी. राजा आणि आपल्या नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांच्यात संयुक्त मतदारसंघाचा जो करार झाला, त्याला बाळूंचा पाठिंबा होता. सप्टेंबरमध्ये येरवड्याला पुणे करार झाला, त्यावरही बाळूंची सही आहे. ज्या पूना क्लबात त्यांनी रोलर ओढला, तिथून येरवड्याचा तुरुंग म्हणजे नदीपलीकडे काही मैलांवर. पुढे १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत, भायखळा-परळच्या भागात, राखीव जागेवर खुद्द बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचा फरक.

आता या आकड्याकडे नीट बघा. जागा राखीव, पण मतदान सर्व हिंदूंचं एकत्र. म्हणजे बाळूंच्या मतांत सवर्णांची मतं होती. संयुक्त मतदारसंघात आमचा प्रतिनिधी दुसरेच निवडतील, ही जी धास्ती बाबासाहेबांना होती, तिचं इतकं नेमकं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. कर्णधारपद द्यायला ज्यांनी दहा वर्षं खळखळ केली, त्या समाजाला बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार हवा होता तेव्हा बाळू चटकन आठवले. आमचं मत विचाराल तर १९३२च्या वादात बाबासाहेबांचं निदान खरं होतं, आणि बाळूंचं स्वतःचं आयुष्यच त्याचा पुरावा आहे.

पण बाळूंना ते तसं दिसलं नसेल, हेही आम्हाला समजतं. त्यांनी आपल्या डोळ्यांनी मातीच्या भांड्यापासून चिनी मातीच्या कपापर्यंतचा प्रवास पाहिला होता. ज्याने पायरीपायरीने दार उघडताना पाहिलं, त्याला वाटतं, आणखी थोडा धक्का दिला की पूर्ण उघडेल. बाबासाहेबांना दिसत होतं की दार एकट्यादुकट्या गुणवंतासाठी किलकिलं होतं आणि मागे पुन्हा लागतं. अर्ध्या प्रवेशाची किंमत म्हणालो ती ही. अर्धा आत घेतलेला माणूस पुढे कोणाचाच राहत नाही. हिंदू जिमखान्याची परंपरा सांगणाऱ्यांना मातीचं भांडं अडचणीचं. काँग्रेसला पराभूत उमेदवाराचं काय? आणि आंबेडकरी चळवळीने बाबासाहेबांविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाची जयंती का करावी? ४ जुलै १९५५ला बाळू गेले. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ला, इथे नागपुरात लाखोंनी दुसराच रस्ता धरला.

दीक्षाभूमीच्या शहरात बसून आम्ही बाळूंची आठवण काढा म्हणतोय, ते कोणाशी बरोबरी करण्यासाठी नाही. आठवण ठेवणं म्हणजे अनुमोदन देणं नव्हे. नैयायिक तर स्मृतीला प्रमाणातही धरत नाहीत. जैन तार्किक धरतात, तो वाद मागे झालाय. बाळूंच्या बाबतीत आमचा कल जैनांकडे आहे. कारण या आठवणीतून आपल्याला आधी माहीत नसलेलं काहीतरी कळतं: गुणवत्ता सिद्ध झाल्यावरही भेद कसा शिल्लक राहतो, तो नेमका कुठे जाऊन बसतो, आणि त्याची झळ सोसणारी दोन शहाणी माणसं त्यावर दोन वेगळे उपाय कसे शोधतात. हे कळायला मैदान, चहा आणि मतपेटी तिन्ही एकत्र पाहावी लागतात.

धर्मावार क्रिकेटचा शेवटही आपल्या शेजारीच ठरू लागला, हे इथल्या श्रोत्यांना आवडेल. १९३७पासून ख्रिस्ती, यहुदी वगैरेंचा पाचवा संघ येऊन ती पंचरंगी झाली होती. डिसेंबर १९४०मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचा सल्ला घ्यायला वर्ध्याला आली. गांधीजींनी सांगितलं की हे जातीय सामने बंद व्हावेत असं ज्यांना वाटतं, त्यांच्या बाजूने माझी सहानुभूती आहे. तरी स्पर्धा लगेच थांबली नाही, गर्दी फार होत असे. १९४६ साली ती कायमची बंद पडली. आपल्या नागपुरातही मध्य प्रांताची अशी चौरंगी होत असे. तेव्हा हे मुंबई-पुण्याचं प्रकरण म्हणून हात झटकायची सोय नाही.

मग करायचं काय? फलक लावा, असं कोणीही म्हणेल. लावावा. पण त्यावर काय लिहायचं, तिथे खरी कसोटी आहे. ‘थोर क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलं तर ते न लिहिल्यासारखंच. पूना क्लबाच्या मैदानावर लिहायचं तर असं लिहावं: इथे १८९२पासून पळवणकर बाळू महिना चार रुपयांवर रोलर ओढत, आणि देशातल्या उत्तम फलंदाजांना गोलंदाजी करत. त्यांना बॅट दिली जात नसे. बस्स. विशेषणं नकोत. आणि तो फलक प्रवेशद्वारावर नको, पॅव्हेलियनच्या पायरीशी हवा.

दुसरं काम आपल्या हातातलं आहे. जामठ्याचं मोठं स्टेडियम हिंगण्याहून फार लांब नाही. तिथल्या सामन्यांच्या नोंदी ठेवायला पुष्कळ लोक आहेत. पण आपल्या तालुक्यात गावोगाव, वस्तीवस्तीत संघ होते आणि आहेत. कापणी झालेल्या वावरात खेळपट्टी करायची, टेनिस बॉल, गावजत्रेच्या वेळचे सामने. त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. इथल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना आमची विनंती आहे, की मोबाइल खिशात असतोच, गावातल्या साठी-सत्तरीच्या जुन्या खेळाडूंकडे बसा आणि रेकॉर्ड करा. धावा किती केल्या ते विचारू नका, ते आपणहून सांगतील, आणि वाढवून सांगतील! विचारायचं ते हे: खेळपट्टीवर पाणी कोण मारत होतं? तो संघात होता का? कर्णधार कसा ठरायचा? दुसऱ्या गावी सामन्याला गेलात तर पाणी कुठे प्यायलात, कोणाच्या विहिरीवर? जेवण कोणाकडे? संघातला एखादा त्या जेवणाला आलाच नाही, असं कधी झालं का? आणि बायकापोरी सामना कुठून बघत? उत्तर देताना माणूस थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थांबू द्या. शक्य असेल तर त्यांना त्या मैदानावरच घेऊन जा. आता तिथे शेड असेल, लेआउट पडला असेल, तरी न्या. घरात खाटेवर बसून जे सुचत नाही ते तिथे सुचेल.

आणि एक शोध सगळ्यांसाठी. बाळूंनी स्वतः आत्मचरित्र लिहिलं नाही, पण विठ्ठल पळवणकरांनी लिहिलं. मराठीत. ‘माझे क्रीडा-जीवन’, १९४८, मुंबई. या घराची गोष्ट घरातल्याच माणसाने सांगितलेली आहे. इंग्रजीत ज्यांनी बाळूंवर लिहिलं, त्यांनीही याच पुस्तकाचा आधार घेतला. मराठी वाचकाला मात्र ते दुकानात सहज मिळत नाही. विदर्भात जुनी वाचनालयं पुष्कळ आहेत. तालुक्याच्या गावचं एखादं सार्वजनिक वाचनालय, एखाद्या जुन्या शाळेचं कपाट, एखाद्या क्रीडाशिक्षकांच्या घरचा माळा. कुठे प्रत दिसली तर ती मागून आणायची घाई करू नका, जीर्ण असेल. आधी मुखपृष्ठाचा आणि अनुक्रमणिकेचा फोटो काढून आमच्याकडे पाठवा, आणि ती कोणत्या कपाटात, कोणत्या क्रमांकाखाली आहे तेवढं लिहून ठेवा.